उरलेली तेवीस मिनिटं

लाईट मी तीन वेळा घालवली, असं मला आठवतं. कांता म्हणते, चार वेळा. कांता म्हणजे आमची शेजारीण, वय चाळीस, स्मरणशक्ती शाबूत. मी प्रभाकर, एकोणऐंशी वर्षांचा, सदतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेला, आणि गेल्याच आठवड्यात बँकेत स्वतःचा पिनकोड न आठवल्यामुळे वर्ध्यात आपण राहतो की नाही अशी शंका आलेला. तेव्हा चार धरायला हरकत नाही.

त्या वर्षी माझ्या बायकोच्या, शरयूच्या, हृदयाने काम कमी केलं होतं. पंपिंग पंचवीस टक्के, डॉक्टर म्हणाले. पंचवीस टक्के म्हणजे नापास, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जिना चढायचा नाही, मीठ जवळपास बंद, "आणि सर, त्यांना एकदम धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका." हे शेवटचं वाक्य मी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मीठ कांताने सांभाळलं. धक्के माझ्या वाट्याला आले.

मी दाराची बेल काढली. कुकरची शिट्टी बंद केली (भात आठवडाभर कच्चा खाल्ला). पेपरातलं निधनवार्तांचं पान कापून मग पेपर शरयूच्या हातात द्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "अवो, वर्ध्यात लोक मरणं बंद झाले काय?"

शरयू अल्लीपूरची. पन्नास वर्षं प्राध्यापकाच्या घरात काढूनही तिने आपली भाषा बदलली नव्हती, आणि मतंही.

दोन महिने असे गेल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "मले एक सिनेमा पाहू द्या."

"कशाला?"

"सिनेमा कशाले पाहतात? दोन महिने झाले, तुमचंच तोंड पाहून राह्यली."

"थिएटरचा जिना..."

"घरीच पाहू. पोरानं एवढा मोठा टीव्ही पाठवला, त्याच्यावर तुम्ही फक्त हवामान पाहता."

मी हो म्हणालो. तो 'हो' मी आजही मनात परत घेत असतो.

सिनेमा असा हवा होता की ज्यात कोणी मरत नाही. वाचकहो, शोधून पाहा. शरयू दुपारी झोपली की मी टीव्हीचा आवाज बंद करून सिनेमे तपासायला बसायचो. नऊ दिवसांत अकरा सिनेमे तपासले. आठांत माणसं मेली, दोनांत बैल. अकराव्यात कोणी मेलं नाही, पण तो पोहायला शिकण्याबद्दलचा माहितीपट निघाला.

बारावा मिळाला. एक म्हातारा-म्हातारी गाव सोडून शहरात मुलाकडे राहायला येतात, असा. पोस्टरवर दोघं स्कूटरवर बसून हसत होती. पाऊण भागापर्यंत सगळे जिवंत होते. शेवटची तेवीस मिनिटं उरली असताना शरयू जागी झाली आणि मी टीव्ही बंद केला. मग विचार केला, दीड तासात एकही मृत्यू नाही, तेव्हा उरलेल्या तेवीस मिनिटांत होण्याची शक्यता नगण्य. (असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर शून्य दिलं.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला सिनेमा लागला. कांता बिनमिठाचा चिवडा घेऊन आली. शरयूने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. घरातल्या घरात, पलंगावरून खुर्चीपर्यंत यायला. पहिला दीड तास ती इतकी हसली की मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत बसलो.

"हात सोडा जी," ती म्हणाली. "कांता पाहून राह्यली."

आणि मग तेवीस मिनिटं उरली. पडद्यावरची म्हातारी चहाचा कप घेऊन खिडकीशी आली, थांबली, आणि तिने छातीवर हात ठेवला.

"पाणी आणतो," म्हणून मी उठलो. आमचं मेन स्विच पोर्चमध्ये, उंचावर आहे. प्लास्टिकच्या स्टुलावर चढलो आणि खटका ओढला.

आतून शरयूचा आवाज आला, "गेली लाईन!"

माझा हिशेब साधा होता. पूर्वी रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागायचा आणि लाईन जायची. अर्ध्या तासाने यायची, तोवर नायकाची आई मरून, तेरावं होऊन, नायक मोठाही झालेला असायचा. आपण नसलो तरी सिनेमा पुढे जायचा. मी अंधारात पाच मिनिटं उभा राहिलो, म्हातारीचं जे काय व्हायचं ते होऊ दिलं, आणि खटका वर केला.

टीव्ही सुरू झाला. इंटरनेटच्या डबीचे दिवे एकेक करून लागले. कांताने रिमोट दाबला. म्हातारी चहाचा कप घेऊन खिडकीशी आली, थांबली, आणि तिने छातीवर हात ठेवला.

मला वाटलं, दिग्दर्शकाने मुद्दाम तोच प्रसंग पुन्हा घेतला असणार, हल्ली करतात. मी "फाटक लावून येतो" म्हणालो. या वेळी खटका ओढून दहा मिनिटं थांबलो. परत आलो. कप, खिडकी, छाती.

"हे बाई एकदाची मरत काऊन नाई?" शरयू म्हणाली.

"मरणार नाही!" मी ओरडलो. तिला धक्का बसलाच असेल तर तो माझ्या ओरडण्याने. मी पुन्हा पोर्चकडे पळालो.

आता कांता खिडकीत उभी राहून बाहेर पाहत होती. "काकाजी, आमच्या घरची लाईन तं आहे. साऱ्या गल्लीत आहे."

"फेज," मी अंधारातून म्हणालो. "एक फेज गेला असेल."

"थांबा, यायले फोन करते."

'यायले' म्हणजे 'यांना', तिच्या नवऱ्याला: कैलास, वीज खात्यात लाईनमन. आंजीला ड्यूटी संपवून तो तेवढ्यात गल्लीच्या टोकाला पोचला होता. त्याच्या मोटरसायकलचा उजेड थेट माझ्यावर पडला: मी स्टुलावर, हात मेन स्विचवर.

"काकाजी, तिथं काय करून राह्यले?"

"फेज पाहतो आहे."

"मेन बंद करून?"

मी खाली वाकून, शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "कैलास, हळू बोल. बाईच्या छातीत दुखतंय. शरयूला कळता कामा नये."

आता, पडद्यावरची बाई हे मी म्हणालो का? मला वाटतं, म्हणालो नाही. कैलासने फक्त 'छातीत दुखतंय' एवढंच घेतलं.

"काकूले दुखून राह्यलं अन् तुम्ही स्टुलावर!" तो आत धावला. "कांते, उचल! काकूले उचल!"

"काऊन? काय झालं?"

"छातीत दुखून राह्यलं त्याईच्या!"

"कोणाच्या?" शरयूने विचारलं.

"तुमच्या, काकू!"

"मले कोणी सांगतलं नाई!"

पण तोवर दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं होतं. अंधारात हिरवी साडी, मांडीवर चिवड्याचं ताट, आणि ती ओरडते आहे, "अरे ठेवा मले खाली! मले काई नाई झालं! सिनेमा राह्यला माझा!" समोरच्या शेजाऱ्यांनी दवाखान्यात न्यायला गाडी बाहेर काढली. मला वाटलं, माझ्या स्विचने ते केलं जे सिनेमाला जमलं नव्हतं. पंचवीस टक्क्यांतून आता किती उरले असतील, याचा मी हिशेब करत होतो. हिशेब शून्यावर आला तेव्हा मी अजून स्टुलावरच होतो.

स्टूल सरकलं, की माझे पाय गेले, हे मला सांगता येत नाही. इतकं आठवतं की दवाखान्यात दोघांचेही कार्डिओग्राम काढले. शरयूचा आधीइतकाच वाईट होता, कणभरही जास्त नाही. माझा पाहून डॉक्टर म्हणाले, "यांना भरती करा." रक्तदाब दोनशेवीस, आणि डावं मनगट मोडलेलं.

मी तीन दिवस भरती होतो. पहिल्या रात्री शरयू माझ्या खाटेशी बसली; दुसऱ्या दिवशी सकाळी कैलासने तिला घरी पाठवलं आणि स्वतः माझ्यापाशी थांबला.

घरी आल्यावर चार दिवसांनी ती म्हणाली, "त्या सिनेमाचा शेवट राह्यला."

मी सांगितलं, तो सिनेमा कंपनीने काढून टाकला. साफ खोटं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

सात महिन्यांनी, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, शरयू झोपेत गेली. त्या दिवशी कोणताही धक्का नव्हता. सकाळी मी तिला हवामान वाचून दाखवलं होतं, कोरडं होतं.

माणूस बायको गेल्यावर मोठ्या गोष्टींबद्दल रडतो, असं ऐकलं होतं. माझ्या डोक्यात ती तेवीस मिनिटं अडकली. तिने एक सिनेमा मागितला होता, आणि मी तिला तो पाऊणच दिला. हे मी कोणाला बोललो नाही. मुलालाही नाही. अशी तीन वर्षं गेली. मग एकदा कांता भाजी द्यायला आली असताना कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं.

कांताने भाजीची वाटी खाली ठेवली.

"काकाजी, काकूनं पाह्यला नं शेवट."

"कधी?"

"तुम्ही भरती होते तवा. दुसऱ्या दिवशी घरी आल्या अन् म्हणे, 'कांता, लाव. आता लाईन जात नाई.'"

"आणि ती म्हातारी?"

"तिले काय धाड भरली! ॲसिडिटी निघते. म्हातारा मरते, तिच्या काळजीनं."

"मग शरयू घाबरली असेल."

"घाबरते कायची! इतक्या हसल्या काकू, इतक्या हसल्या, मलेच भेव लागलं. डोये पुसता पुसता म्हणे, 'प्रभाकररावाले सांगू नको वं, उगाच टेन्शन घेईन. मी शेवट राह्यला म्हणून पाहते, काय थाप मारतात ते.'"

कांता गेल्यावर मी टीव्ही लावला आणि खात्री करून घेतली. कांताचं खरं आहे. म्हातारा एक तास एकावन्न मिनिटांनी मरतो. तो प्रसंग मी आतापर्यंत सहा वेळा पाहिला आहे. त्यात हसण्यासारखं काहीही नाही.