पाचव्या गाण्यातला फोटो

फोटो फक्त सासूबाईंना पाठवायचा, असं फोटोवाल्यांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं. (अक्कलही नव्हती, पण ते नंतर कळलं.) जावई सासूला खूश करायला निघाला, तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण काय, तुम्हीच सांगा!

कारण होतं. सगळं सांगतो.

फोटोवाल्यांची बायको एका बड्या गायकाच्या मागे कोरसमध्ये गायची. कोरस म्हणजे मागच्या ओळीत एकसारखे कपडे घालून उभं राहायचं आणि साहेबांना दम लागला की 'आऽऽ' करून वेळ मारून न्यायची. इतकी वर्षं तिनं निमूटपणे 'आ' केलं होतं. आणि यंदाच्या कार्यक्रमात अचानक तिला दोन ओळी मिळाल्या. एकटीला! पुढे येऊन, साहेबांच्या माइकवर! घरात दुसरा विषय उरला नाही. भांडी घासताना त्याच दोन ओळी, केस विंचरताना त्याच. शेवटी शेवटी तर शेजारचेही दात घासताना त्या गुणगुणायला लागले.

त्यात दुधात साखर म्हणजे त्याच कार्यक्रमाच्या फोटोंचं काम फोटोवाल्यांकडे आलं. साहेबांचा मॅनेजर कागद घेऊन स्टुडिओत आला.

"पहिल्या तीन गाण्यांचे फोटो काढायचे. मग कॅमेरा पिशवीत. आणि साहेबांनी पसंत केल्याशिवाय एकही फोटो कोणाला दाखवायचा नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच."

फोटोवाल्यांनी झोकात सही ठोकली. घरी येऊन बायकोला विचारलं, "तुझ्या ओळी कितव्या गाण्यात गं?"

"पाचव्या. का हो?"

फोटोवाल्यांनी कारण सांगितलं. लोकांच्या लग्नांचे ढीगभर फोटो काढणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बायकोचा शेवटचा फोटो काढला होता तो पासपोर्टसाठी, आणि त्यातही तिला हसू नको म्हणून दटावलं होतं. ती एवढंच म्हणाली, "राहू दे. नियम म्हणजे नियम." ती असं समजुतीनं बोलली की फोटोवाल्यांना जेवण जात नसे.

कार्यक्रमाच्या दिवशी तीन गाणी झाली. फोटोवाल्यांनी शहाण्यासारखा कॅमेरा पिशवीत घातला आणि ते खांबाला टेकून उभे राहिले. पाचवं गाणं सुरू झालं. बायको पुढे आली. आणि बघतात तर काय, सगळ्या हॉलनं मोबाईल वर धरलेले! पोरंटोरं काढतायत, म्हातारेकोतारे काढतायत, दारावरचा रखवालदारसुद्धा काढतोय! सगळ्यांना मुभा. बंदी कोणाला, तर ज्याला फोटो काढता येतो त्याला! हा कुठला न्याय?

फोटोवाल्यांचा हात पिशवीत गेला. खांबाआडून एकच फोटो. बायकोनं डोळे मिटले होते, मान जराशी वर केली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पाहिलंच नव्हतं. की ते रोज असायचं आणि यांचंच लक्ष नसायचं? त्यांना एकदम भरून आलं.

घरी बायकोनं फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाली, "ही मी आहे?"

"तूच."

"अहो, पण कोणाला पाठवू नका हं. माझ्या गळ्याची शपथ."

"छे छे! मी काय वेडा आहे?"

(या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं.)

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. गुडघ्यांमुळे त्यांना कार्यक्रमाला येता आलं नव्हतं. "जावईबापू, माझी लेक गायली म्हणे. मला मेलीला तिचं तोंडही दिसलं नाही." आता यावर 'सही केलीय' हे उत्तर कुठल्या तोंडानं द्यायचं? फोटोवाल्यांनी ठरवलं, फक्त सासूबाईंना पाठवायचा. आणि पाठवायचाच तर नीट करून. बायकोच्या कानातला डूल अंधारात गेला होता. त्यांनी फोटो जरासा उजळला. डूल झकास दिसायला लागला. डुलाबरोबर मागचा अंधारही उजळला, तिकडे कोण बघतो?

सासूबाईंनी फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पुढे माझी लेक. मागचे गृहस्थ कोण, माहीत नाही.'

मागचे गृहस्थ म्हणजे साक्षात साहेब. आणि तीन गाण्यांनंतर फोटो का नकोत, हे आता जगाला समजलं. चौथ्या गाण्यापर्यंत साहेबांना घाम फुटायचा आणि केसांचा कलप उतरायला लागायचा. दोन काळे ओघळ दोन्ही कानांवरून थेट पांढऱ्याशुभ्र कॉलरपर्यंत! हॉलमधल्या सगळ्या मोबाईलना मिळून एक ओघळ धड सापडला नव्हता. फोटोवाल्यांच्या कॅमेऱ्यात थेंब न थेंब आला होता.

संध्याकाळपर्यंत फोटो कुठल्या कुठे पोचला. लोक हसून हसून लोळत होते. बायकोच्या मिटलेल्या डोळ्यांकडे, वर केलेल्या मानेकडे एकानंही पाहिलं नाही. डूल तर राहिलाच. कोणीतरी तिला फोटोतून कापूनही टाकलं, ओघळ मोठे दिसावेत म्हणून.

मॅनेजर तणतणत घरी आला. फोटोवाल्यांनी उसनं अवसान आणलं.

"हे बघा, फोटो मी काढला. कॅमेरा माझा. बायको माझी. मग हक्क कोणाचा?"

"सही कोणाची?"

"...माझी."

"मग झालं तर. फोटो सगळीकडून काढून टाका. आणि बाईंना सांगा, त्या ओळी आता दुसरी कोणी म्हणेल. त्यांनी मागे उभं राहायचं."

बायको स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. मॅनेजर गेल्यावर ती म्हणाली, "फोटो तुमचा, सही तुमची, कलप त्यांचा. आणि चेहरा? तो कोणाचा होता हो? मी एवढी शपथ घातली होती."

त्या दिवसापासून भांडी नुसतीच वाजायला लागली, गाणं बंद झालं. शेजाऱ्यानं एकदा जिन्यात विचारलं, "वहिनी गात नाहीत हल्ली?" फोटोवाले मान खाली घालून चढून गेले. आपण काय घालवून बसलो, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग काय!

शेवटी लाज गुंडाळून ते साहेबांच्या घरी गेले. पाय धरायचीच तयारी होती. साहेब टॉवेल गुंडाळून बसले होते, डोकं ओलं आणि काळंकुट्ट. फोटोवाल्यांनी मुद्दाम छताकडे बघत माफी मागितली.

"चूक माझी. तिनं मला बजावलं होतं. तिचा सूर नका हो काढून घेऊ."

साहेबांनी कानामागचा ओघळ पुसला. "पोरीचा सूर चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणू दे ओळी. पण जिथे मी गातो तिथे तुम्ही दिसायचं नाही. कॅमेरा असो वा नसो."

फोटोवाल्यांनी कबूल केलं. ओळी परत मिळाल्या, भांडी पुन्हा गायला लागली. पुढच्या कार्यक्रमाला सासूबाईंना रिक्षात घालून त्यांनी दारापर्यंत आणलं, साहेब यायच्या आधीच आत बसवून दिलं, आणि स्वतः बाहेर वाहनतळावर उभे राहिले. पाचवं गाणं आलं. बंद दारातून ढोलकीच तेवढी ऐकू येत होती. बायकोचा आवाज मध्येच आल्यासारखा वाटला. तो तिचाच होता की दुसऱ्या कोणाचा, हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं. रखवालदार म्हणाला, "आत कोणी आहे का तुमचं?" फोटोवाले म्हणाले, "आहे."

आत सासूबाईंनी मोबाईलवर फोटो काढला. प्रेक्षकांना बंदी नव्हतीच. फोटोत अर्धी जागा सासूबाईंच्या अंगठ्यानं घेतली होती. उरलेल्या अर्ध्यात समोरच्या माणसाचं टक्कल, आणि टकलाच्या टोकावर फोटोवाल्यांची बायको, हनुवटीपासून खाली. बायकोनं तो मोठा करून घेतला आणि बैठकीच्या खोलीत मधोमध लावला. "माझ्या आईनं काढलाय," एवढंच म्हणाली. फोटोवाल्यांनी खिळा ठोकून दिला.

परवा वरच्या मजल्यावरचे काका चहाला आले होते. "फोटोवाले, धाकटीचं लग्न ठरलं बरं का. म्हटलं, घरचा माणूस असताना बाहेर कशाला बघायचं..." एवढं बोलून त्यांची नजर भिंतीवर गेली. ते उठले, जवळ जाऊन अंगठा पाहिला, टक्कल पाहिलं आणि परत येऊन बसले.

"हा... तुम्ही?"

फोटोवाल्यांनी तोंड उघडलं. पण सासूबाई समोरच बसल्या होत्या, कौतुकानं डवरलेल्या.

"मी काढलाय," त्या म्हणाल्या. "पण शिकवणी सगळी जावईबापूंची हो."

"ते दिसतंय," काका म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.