लेकीलाही नाही

"अर्ज पाठवायला असा कितीसा वेळ लागतो, सर? तुमचा चहा निवायच्या आत पाठवते!"

संगणक विभागातल्या सर्वांत धाकट्या मॅडमनी ही घोषणा विभागप्रमुखांच्या खोलीत केली, तेव्हा साडेचार वाजले होते. अर्ज होता नव्या प्राध्यापकांसाठीच्या संशोधन फेलोशिपचा. मिळाली तर तीन वर्षं तास निम्मे आणि हाताखाली स्वतःची प्रयोगशाळा. मुदत पाचपर्यंत. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच अर्ज करता येतो, आणि मॅडमची पाच वर्षं पुढच्या महिन्यात भरत होती. आज नाही तर कधीच नाही!

त्यांचा विषय होता, 'फसव्या फोनपासून वयस्कर माणसांचा बचाव'.

इंटरनेट आज तेवढं सरांच्याच संगणकाला होतं. मॅडमनी रुबाबात शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : 'आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मुदत दहा मिनिटं.'

खाली क्रमांकाचे शेवटचे चार आकडे होते. ते मॅडमच्या मोबाइलचे नव्हते. खातं पाच वर्षांपूर्वी उघडलं होतं, तेव्हा क्रमांक बाबांचा दिला होता. कारण बाबांचा फोन कधीच बंद नसायचा.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. फोन अजूनही बंद नव्हता. आई रोज न चुकता चार्ज करायची.

मॅडमच्या स्वतःच्या मोबाइलनं दुपारीच मान टाकली होती. त्यांनी सरांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि आईचा नंबर फिरवला.

"आई, मी बोलतेय. बाबांच्या फोनवर आकडे आलेत ना, तेवढे वाच पटकन."

"कोण मी?"

"अगं, मी!"

"हा नंबर तिचा नाही," आई शांतपणे म्हणाली. आईला कमी ऐकू येत असल्यानं ती मोठ्यानं बोलायची. सरांनाही सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "आणि ओटीपी सांगायचा नसतो."

"मला सांगायचा असतो!"

"फोनच्या पाठीवर ह्यांनी चिठ्ठी चिकटवलीय. 'ओटीपी कुणालाही सांगू नये. लेकीलाही नाही.' खाली कंसात लिहिलंय, लेकीची सूचना."

मॅडमनी डोळे मिटले. सूचना त्यांचीच होती. अक्षर कसं असेल तेही डोळ्यांपुढे आलं. 'लेकीलाही' खाली दोन रेघा असणार!

"आई, माझा आवाज ओळखत नाहीस?" त्यांना खरोखरच रडू फुटलं.

"रडू नको. यंत्रं हल्ली रडूनसुद्धा दाखवतात, असं माझी मुलगीच सांगते. ती त्यातली मोठी जाणकार आहे."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "नऊ मिनिटं गेली," ते हळूच म्हणाले.

"मग काहीतरी विचार ना मला! फक्त मलाच माहीत असेल असं!"

पलीकडे बराच विचार झाला. "हे तुला लाडानं काय म्हणायचे?"

मॅडमनी सरांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. तिथं शेवटच्या वर्षाची आठ-दहा मुलं सह्यांसाठी वह्या घेऊन उभी होती.

"भोकाड," त्या पुटपुटल्या.

"ऐकू येत नाही!"

"भोकाड! भोकाड म्हणायचे, आई! भोकाड!"

दारातल्या वह्या एकदम तोंडांपुढे गेल्या.

"अगं, तूच आहेस की!" आई म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं? थांब, चष्मा आणते."

चष्मा आला तोवर पहिल्या ओटीपीनं राम म्हटला होता. मॅडमनी दुसरा मागवला.

"आता हा वेगळाच आलाय. हा कुणाचा?"

"माझाच गं!"

"कशावरून?"

"भोकाड!!"

आईनं एकेक आकडा, मुलाला उजळणी शिकवावी तसा, दोनदा म्हणून दाखवला. पाचला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर 'अर्ज स्वीकारला' असं उमटलं. मॅडमनी टेबलावरच डोकं टेकलं. चहा केव्हाच गार झाला होता.

थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी डोकं वर केलं नाही, म्हणून सरांनीच उचलला.

"ह्यांच्या फोनवर मेसेज आलाय," आईचा आवाज खोलीभर घुमला. "अर्ज पोचला म्हणून. पण आधी सांगा, आपण कोण बोलताय?"

सरांनी दारातल्या मुलांकडे पाहिलं, टाय नीट केला आणि घसा खाकरला.

"नमस्कार. मी भोकाडचा साहेब बोलतोय."