नॉर्बर्ट आजोबांच्या होडीतली घंटा

डोळे मिटा पाहू! तुम्ही अमेरिकेतल्या ईरी तलावात, एका छोट्या होडीत बसला आहात. पाणी इतकं अफाट की पलीकडचा काठ दिसतच नाही. आता नाकाला क्रेफिशचा वास येऊ द्या. क्रेफिश म्हणजे नांग्या खेकड्याच्या आणि शेपूट कोळंबीची! आला वास? मग तुम्ही नऊ वर्षांच्या डेलियाच्या अगदी शेजारी बसला आहात.

"यंदा आपल्या गळाला फक्त स्मॉलमाउथ बास मासेच!" नॉर्बर्ट आजोबा छाती फुगवून म्हणाले. "एकही शीपहेड होडीत येणार नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे!"

शीपहेड हा कुणालाच नको असलेला मासा. जाड, करडा, आणि पाण्याबाहेर काढला की झोपलेल्या मामांसारखा घुरघुरणारा. गावच्या बास-स्पर्धेत सगळ्यांत लांब बास पकडणारी होडी जिंकायची. पण एक नियम होता: शीपहेड लागला की गाईच्या गळ्यातली मोठी घंटा वाजवायची. दहा वेळा वाजली की होडी बाद! आजोबा सलग सहा वर्षं बाद झाले होते. यंदा डेलिया पहिल्यांदाच आली होती. धक्क्यावरच्या विजेत्यांच्या फळीवर तिला आपल्या 'शूर बदक' होडीचं नाव हवं होतं.

आजोबांनी क्रेफिश टोचून गळ थेट तळाशी सोडला. लगेच हिसका!

घुर्रर्र! शीपहेड. ठणण!

"हा चुकून आला," आजोबा म्हणाले.

दुसराही चुकून आला. तिसरा, चौथा, पाचवासुद्धा! ठणण! ठणण! ठणण!

"नॉर्बर्ट, गाय हरवली का रे?" शेजारच्या होडीतून ल्युसिल काकू ओरडल्या. तीन वर्षं फळीवर त्यांच्याच होडीचं नाव होतं.

आठव्या घंटेला एक पाहुणं कुटुंब वल्ही मारत धापा टाकत आलं. "दोन व्हॅनिला, एक चॉकलेट!"

"ही आइस्क्रीमची होडी नाही!" आजोबा गरजले. तेवढ्यात नववा शीपहेड लागला. ठणण!

आता एक चूक, की घरी!

डेलियाला रडू येत होतं, पण डोकं जागेवर होतं. "आजोबा, शीपहेड तळाशीच जेवतो ना?"

"हो. पण बासला क्रेफिश फार आवडतो."

"शीपहेडलाही आवडतो! मग आपण त्याच्याच ताटात का वाढतोय?"

डेलियाने क्रेफिश काढला आणि दोरीला पाण्यावर तरंगणारा, पोटाशी गळ लावलेला लाकडी बेडूक बांधला. किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी तो टाकून हळूच हलवला. टुप... टुप...

धबाक! पाणी फुटलं! तपकिरी, वाघासारखा पट्टेरी बास हवेत उडाला. गळाची काठी कमानीसारखी वाकली. आइस्क्रीमवाले पाहुणे उभे राहून ओरडू लागले, "ओढ, पोरी, ओढ!"

तिने ओढला. ल्युसिल काकूंनीच पट्टी लावून तो मोजला आणि उसासा टाकला. "माझ्या बासपेक्षा दोन बोटं मोठा! शाबास गं!" मग डेलियाने तो अलगद पाण्यात सोडला.

दुपारी फळीवर 'शूर बदक' झळकलं. धक्क्यावर गर्दी जमली, आणि आजोबांनी पुन्हा छाती फुगवली.

"शीपहेड टाळायचा, तर गळ तळापासून दूर ठेवायचा! मी तर पहिल्यापासून सांगत होतो. चाळीस वर्षांचा—"

डेलिया होडीत उतरली, घंटा उचलली, आणि राहिलेली दहावी घंटा सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाजवली.

ठणण!