हरकत असल्यास दोन दाबा

हॅलोवाणी ही टेलिफोन कंपनी गगनछत्र ही डिश टीव्हीची कंपनी विकत घेण्याची शक्यता आहे, अशी बातमी एके सकाळी पेपरात आली. शक्यता आहे, म्हणजे घेतलेली नाही आणि घेणार नाही असंही नाही. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरात फोन हॅलोवाणीचे आणि गच्चीवरची छत्री गगनछत्रची. म्हणजे मुलाकडचेही आम्हीच आणि मुलीकडचेही आम्हीच. तरी सोयरीक कळली ती पेपरातून, आणि तीही मुलगा मोठ्याने वाचतो म्हणून.

मला ते लागलं. आमच्या घराण्यात माझ्या होकाराशिवाय आजवर एकही लग्न जुळलेलं नाही. सुनेच्या वेळी मी दोनदा नाही म्हटलं होतं. मुलगी पहिल्याच चहाला आवडली होती, पण लगेच हो म्हटलं की मोठ्या माणसाचं वजन काय राहतं?

त्याच दुपारी फोन वाजला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "संभावित अधिग्रहण के विषय में आपकी राय हमारे लिए अमूल्य है. सहमति के लिए एक दबाएँ, आपत्ति के लिए दो."

चला, उशिरा का होईना, विचारलं तरी. मी दोन दाबला.

संध्याकाळी अविनाश ऑफिसातून आला. माझा हा मुलगा केंद्र सरकारच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "आई, दोन कुणी दाबतं का? ती नुसती विचारायची पद्धत असते."

"मग त्यांनी पद्धतीने विचारलं, मी पद्धतीने नाही म्हटलं. आता मनधरणी करतील, मग हो म्हणेन."

मनधरणीला कोणी आलं नाही. साऱ्या देशात हरकत घेणारी मी एकटीच निघाले, आणि हरकत कोणाची म्हणून कंपनीने तपासलं तेव्हा मी मराठी चॅनेलवाली निघाले. दुसऱ्या दिवशी दिल्लीतली सगळी मराठी चॅनेलं बंद. पडद्यावर निळी पाटी आली, 'मराठी दर्शक-वर्ग की आपत्ति विचाराधीन है. असुविधा के लिए खेद है.'

एरवी मी चॅनेलविना मेले नसते. पण आमची निधी, अविनाशची मुलगी, मराठी चॅनेलवर लहान मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमात निवडली गेली होती. मुंबईला जाऊन गाऊन आली होती आणि रविवारी सातला ते दाखवणार होते. जी पोर घरात 'आजी, मला वो वाली भाजी दे' म्हणते, तिने अख्खं नाट्यपद एकही शब्द न चुकता म्हटलं होतं. मी महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना बटाटेवड्यांचं आमंत्रण देऊन बसले होते.

"हरकत मागे घ्यायचीय," मी गगनछत्रला फोन लावला.

"माताजी, आपत्ति हॅलोवाणीच्या विरुद्ध आहे. त्यांनाच सांगा," तिकडची मुलगी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाली. नागपूरची असावी.

हॅलोवाणीवाला म्हणाला, "मॅडम, हमने अभी खरीदा ही नहीं. तो आपत्ति किस बात की?"

"ती नाहीच म्हणतेय मी!"

"जो है ही नहीं, उसे वापस कैसे लेंगे?"

अविनाशला सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांत कौतुकच दाटलं. "काय उत्तर दिलंय! आई, हा माणूस आमच्या सेक्शनला हवा."

शेवटी दोन्ही कंपन्यांनी मिळून तोड काढली. हरकत मागे घ्यायला एक नंबर पाठवतील, तो मी त्यांना वाचून दाखवायचा. नंबर सुरक्षेच्या कारणास्तव टीव्हीच्या पडद्यावर येणार होता, मराठी चॅनेलच्या जागी. तिथे निळी पाटी होती.

"आजी, फोनवर बघू ना यार," निधी म्हणाली. तिने फोनवर चॅनेल उघडलं. फोन म्हणाला, आपण आमच्याविरुद्ध हरकत घेतली आहे, सबब आपल्याला फक्त रुग्णवाहिका बोलावता येईल.

इतक्यात मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब पहाडगंजहून धावत आले. मला वाटलं, मदतीला.

"हेमलतावहिनी, कमाल केलीत! दिल्लीतला मराठी माणूस पहिल्यांदा एकमुखाने बोलला!"

"एकमुखाने म्हणजे, मी एकटीच बोलले हो."

"तेच तर! आम्ही पाठिंब्याचा ठराव करून दोन्ही कंपन्यांना पाठवलासुद्धा."

त्यामुळे हरकत आता समाजाची झाली, आणि मागे घ्यायची तर समाजाने घ्यायला हवी. समाज त्यासाठी एकत्र यायला तयार नव्हता, कारण ठरावात कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरून तो फुटला होता.

रविवारी मात्र वड्यांना सगळे एकत्र आले. अण्णासाहेबांचं वरपर्यंत बोलणं झालं होतं, सातच्या ठोक्याला चॅनेल लागणार होतं. सगळे पाटीसमोर दाटीने बसले. सात वाजून गेले. पाटी निळीच.

निधी कार्यक्रमातलंच परकर-पोलकं घालून बसली होती. ती उठली, टीव्हीच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मीच गाते ना. गाणं तर मलाच येतं."

आणि तिने सूर लावला.

"श्श!" अण्णासाहेब म्हणाले. "बाळ, हळू. चॅनेल लागलं तर कळायला हवं."

"थोडी बाजूला हो गं राणी, पडदा झाकतेयस," मागून वृंदाताई म्हणाल्या.

पोर बाजूला झाली आणि हळू आवाजात गात राहिली. सगळे पाटीकडे बघत होते. मीसुद्धा रिमोटचे सेल काढून पदराला पुसत होते. गाणं कधी संपलं ते कोणालाच कळलं नाही. तिने एक वडा घेतला आणि आत गेली.

सोमवारी हॅलोवाणीने जाहीर केलं की अशी कोणतीही शक्यता नाही आणि कधी नव्हतीच. शक्यता मेली, तिच्याबरोबर हरकतही मेली. चॅनेल लागलं. दुपारी कार्यक्रम पुन्हा दाखवला, आणि मग फोन थांबेनात.

"वहिनी, डोळ्यांतून पाणी आलं," अण्णासाहेब म्हणाले. "काय गळा, काय उच्चार! ही मुलगी एकदा समोर बसवून ऐकायला मिळाली पाहिजे हो!"

निधी शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला जवळ ओढलं आणि फोन ठेवून दिला.

आता तुम्ही अण्णासाहेबांना खुशाल हसा. मात्र हे वाचताना मघाशी घरातल्या कोणीतरी दाराशी येऊन तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. काय विचारलं होतं, आठवतंय? नसेल तर उठा. ते माणूस अजून तिथेच उभं आहे का, तेवढं तरी बघा.