पुळणीचं सुशोभीकरण

एका जंगलाला, बाळांनो, समुद्र होता. असतो एखाद्या जंगलाला. त्यात त्याचा दोष नाही.

समुद्र आणि सुरूचं बन यांच्या मधे वाळूची एक लांबरुंद पुळण होती. सकाळी तिथे खेकडे बिळं उकरायचे. दुपारी रेडे लोळायचे. संध्याकाळी कोल्ह्याची पोरं एकमेकांच्या तंगड्या ओढायची. कुणी कुणाला विचारत नसे आणि कुणी कुणाला हाकलत नसे. अशा ठिकाणाला शहाणी माणसं गैरसोय म्हणतात.

एकदा जंगलात सुशोभीकरण समिती स्थापन झाली. अध्यक्ष मोर. दुसरं कोण असणार? ज्याला पिसारा असतो त्याला सौंदर्यातलं कळतं, असं जंगलात सगळे मानत. मोर पुळण बघायला गेला तो भर उन्हात. खेकडे बिळात होते, कोल्ह्याची पोरं झोपली होती आणि रेडेसुद्धा त्या दिवशी सावलीला गेले होते.

"अरेरे," मोर म्हणाला, "केवढी जागा रिकामी पडली आहे! काहीतरी केलं पाहिजे."

मोजणी घोरपडीने केली. ती आपल्या शेपटीने मोजायची. ओहोटी होती, त्यामुळे पुळण बाराशे शेपट्या भरली. भरतीला सातशेच भरली असती, पण घोरपड भरतीला मोजत नसे, तिचे पाय भिजायचे. मग नकाशा झाला. रंगीत लाद्या, परदेशी खजुराची झाडं, लाल अक्षरांत 'आय लव्ह पुळण', आणि मधोमध कारंजं. कारंजं बरोबर समुद्रात येत होतं.

"उत्तम," मोर म्हणाला. "म्हणजे पाण्याची वेगळी सोय नको."

सुरूच्या खोडावर नोटीस लागली. 'हरकती व सूचना सात दिवसांत द्याव्यात. मंगळवारी चार रानडुकरं लावून जागा सपाट करण्यात येईल.'

आता गंमत ऐका. गंमत कसली, मला तर सांगतानाही राग येतो. त्या रिकाम्या जागेत एक टिटवी राहत होती. टिटवीला घरटं बांधता येत नाही. ती उघड्या जमिनीवर चार खडे सारते आणि त्यात अंडी घालते. तिने चार अंडी घातली होती. ती उबवायला बसून नऊ दिवस झाले होते. अजून एकोणीस दिवस हवे होते, आणि मंगळवार तर चार दिवसांवर आला होता.

टिटवी धावत समितीपुढे गेली.

"अध्यक्षानू, थंय माजी अंडी आसत. चार. पिल्लां भायर येवक एकोणीस दिवस होयेत. मगे काय करूचा ता करा."

मोराने कागद उलटसुलट केले. "नकाशात अंडी नाहीत."

"नकाशात नसली तरी पुळणीत आसत."

"सार्वजनिक जागेत खासगी अंडी?" मोर म्हणाला. "बाई, हे अतिक्रमण आहे. हरकत फेटाळली. पुढचा विषय."

पुढचा विषय चहा होता.

टिटवी रडत खाडीवर गेली. तिथे एक म्हातारं कासव चिखलात बसलेलं असायचं. त्याने आयुष्यात तीन समित्या बघितल्या होत्या, आणि तिन्ही त्याच्याहून सावकाश चालल्या होत्या.

"आजोबानू, माजी पिल्लां मरतली ओ," टिटवी म्हणाली.

"तू काय केलंस?"

"हरकत घेतलंय."

"थंयच चुकलंस बाये," कासव म्हणालं. "हरकत एका बैठकीत उडवतत. तू सूचना कर."

"कसली सूचना?"

कासवाने तिच्या कानात चार शब्द सांगितले.

सोमवारी शेवटची बैठक होती. रानडुकरं सुळे घासून तयार बसली होती. टिटवी उठली आणि नम्रपणे म्हणाली, "बाग बरी होतली. माजो काय एक इरोध नाय. फक्त येक इचारतंय. बागेक नाव कोणाचा?"

सभेत शांतता पसरली. इतकी, की समुद्र ऐकू यायला लागला. समितीला तो पहिल्यांदाच ऐकू आला असावा.

मोराने घसा साफ केला. "माझ्या आजोबांचं. ते पावसात अतिशय सुंदर नाचत."

"नाचत असतील," थोरलं रानडुक्कर म्हणालं. "जागा सपाट कोण करतंय? आमच्या काकांचं नाव द्यायचं."

घोरपडीला एक कडा चढून गेलेली पणजी होती. खेकडे म्हणाले, मूळ रहिवासी आम्ही. शेवटी बिबट्या राजाने स्वतःच्या वडिलांचं नाव सुचवलं. "वडिलांनी मोराच्या आजोबांना खाल्लंच होतं," तो म्हणाला, "तेव्हा एकाच नावात दोघंही येतील."

हा तोडगा मोराला पटला नाही.

नावाचा निकाल लागेपर्यंत एकही सुळा वाळूला लागणार नाही, असं रानडुकरांनी जाहीर केलं. खेकड्यांनी मोर्चा काढला, पण तो आडवा गेल्यामुळे समितीपर्यंत पोचलाच नाही. नामकरण उपसमिती नेमली गेली. तिने सगळी नावं जोडून एक नाव बनवलं. ते कमानीवर मावेना, म्हणून कमान रुंद करायची दुसरी उपसमिती नेमली. टिटवी अंड्यांवर बसून दिवस मोजत होती. तिला भूक लागत नव्हती.

सतराव्या दिवशी घात झाला. सगळे भांडून दमले होते. घोरपड जांभई देत म्हणाली, "नुसतं 'बाग' म्हणूया का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दमलेल्यांची एकी फार लवकर होते. रानडुकरं उठली आणि थेट पुळणीवर आली. सुरूचं पहिलं झाड मोडलं. दुसरं मोडलं. टिटवीपासून थोरलं रानडुक्कर दहा पावलांवर आलं. ती उडाली नाही. पंख पसरून अंड्यांवर तशीच बसली, आणि तिच्या छातीतली धडधड अंड्यांनासुद्धा ऐकू गेली असेल. मागून मोर समितीसह डौलात येत होता.

"अध्यक्षानू!" टिटवी ओरडली. "नाव ठरला ता बरा झाला! पण कोनशिलेवर शुभहस्ते कोणाचे?"

रानडुक्कर थांबलं. त्याने वळून मोराकडे बघितलं.

"अर्थात माझे," मोर म्हणाला.

"तुला हात आहेत का?" रानडुक्कर म्हणालं.

त्यानंतर जे झालं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. मोराची अकरा पिसं गेली. घोरपड सुरूच्या शेंड्याला चिकटली ती दोन दिवस सुटेना. बिबट्याने निमंत्रणपत्रिका थांबवली. शुभहस्त ठरवायला तिसरी उपसमिती बसली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चार अंडी तडकली. टिटवीची पिल्लं जन्मल्या दिवशीच चालायला लागतात. ओल्या पिसांची, काडीसारख्या पायांची ती चार पिल्लं वाळूवर धडपडत धावली. टिटवी त्यांच्यामागे ओरडत फिरली. इतक्या आनंदाने ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. समितीचा आवाज बनाच्या पलीकडून येतच होता.

चौथं पिल्लू धावता धावता थांबलं.

"आये," त्याने विचारलं, "ही जागा कोणाची गे?"

"ता ठरूक नाय अजून," टिटवी म्हणाली. "तवसर आपली."

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं असतं, बाळांनो. म्हणून समितीत ते कधीही येऊ देऊ नये.