उन्हावर तापलेलं अभ्यंगस्नान

"मिक्सर बंद," बळवंतराव स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

"चटणी अर्धीच वाटून झालीय," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"राहू दे अर्धीच. ऊन आहे तोवर गीझर तापायला हवा."

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बळवंतरावांनी नोएडातल्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवली होती. घरात वापरून उरलेली वीज आपोआप गीझरकडे वळवणारा एक डबाही महिन्यापूर्वी लावला होता. गीझरची नेहमीच्या विजेची जोडणी त्यांनी तोडूनच टाकली. सोय ठेवली की माणूस सोकावतो, असं त्यांचं मत होतं. उद्या जावयाचा पहिला दिवाळसण. पहाटेचं अभ्यंगस्नान निव्वळ उन्हावर तापलेल्या पाण्यानं होणार, असं ते व्याह्यांना फोनवर सांगून बसले होते. पाणी गार निघालं तर नाक कापलं जाणार होतं.

दिल्लीच्या धुरकट हवेत ऊन कसंबसं पोचत होतं. तेव्हा वीज उरायला हवी, तर ती वापरायचीच नाही हे ओघानंच आलं. मिक्सरमागून वॉशिंग मशीन गेलं, मग टीव्ही, मग फ्रिज. मीनाक्षीताईंनी श्रीखंड शेजारच्या अशोकजींच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. तीन वाजता डब्यावर पाणी तापल्याचा हिरवा दिवा लागला आणि बळवंतरावांची छाती फुगली.

श्रीखंडाचं कोडं न उलगडलेले अशोकजी चौकशीला आले. बळवंतरावांनी त्यांना थेट नळापाशी नेलं.

"भाईसाब, ये तो उबल रहा है," अशोकजी म्हणाले.

मग मिठाई घेऊन आलेल्या दोघांना दाखवलं. संध्याकाळी गुरुग्रामहून लेक रुचिता आणि जावई चैतन्य आले, त्यांना दाखवलं. झोपण्यापूर्वी स्वतःच्या समाधानासाठी दोनदा पाहिलं. प्रत्येक वेळी वाफ दिसेपर्यंत नळ सोडावा लागे, आणि वाफ दिसली की ती थोडा वेळ बघावीशी वाटे. जेवढं पाणी वाहून गेलं, तेवढं गार पाणी गीझरच्या टाकीत मुकाट्यानं भरत गेलं.

पहाटे चैतन्य तेल-उटणं लावून बाहेरच्या खोलीत पाटावर बसला. बळवंतरावांनी आत न्हाणीघरात बादलीवरचा नळ सोडला. पाणी गार आलं. त्यांनी वाट पाहिली. आणखी गार आलं.

"बाजूला व्हा," मागून मीनाक्षीताई हळूच म्हणाल्या. त्यांच्या हातात वाफाळतं पातेलं होतं. चार वाजताच त्यांनी ते गॅसवर चढवलं होतं. पाणी बादलीत ओतून त्या निघूनही गेल्या.

तासाभरानं चैतन्य फराळाला बसला.

"बाबा, कमाल आहे यार तुमची. उन्हाच्या पाण्याची ऊबच वेगळी, बिल्कुल मऊ. मी आईबाबांना फोन केला आत्ता. पाडव्याला ते, काका-काकू, सगळे इथेच येताहेत आंघोळीला. नऊजण आहेत."

खरं सांगून टाकायला ही वेळ चांगली होती. बळवंतरावांनी चकलीचा तुकडा मोडला.

"अवश्य. या म्हणावं," ते म्हणाले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि आवाज खाली आणून विचारलं, "अगं, भरलेला सिलिंडर आहे ना आपल्याकडे?"

"आहे," मीनाक्षीताई म्हणाल्या. "जरा उन्हात ठेवून आणते."