मक्याला चुना

बायको गेल्यापासून घड्याळजींची लेक माहेरी जेवली नव्हती. यायची, पाणी प्यायची, निघायची. आईच्या हातचं नसेल तर त्या घरात घास उतरत नाही, असं तिने मावशीला सांगितलं होतं. घड्याळजींना ते फार लागलं. मग त्यांनी डोकं लढवलं. आईने जे जन्मात केलं नाही तेच रांधावं, म्हणजे तुलनेचा प्रश्नच मिटला. लेकीला मेक्सिकन जेवण आवडायचं. ठरलं तर मग.

या गृहस्थाला चहा उकळलेला कळायचा तो उतू गेल्यावर. फोनवर एका मेक्सिकन आजीबाईंच्या नावाचा व्हिडिओ सापडला, तो त्यांनी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. बाई चक्क मराठीत सांगत होती. हल्ली फोनला सगळ्या भाषा येतात, हे ते ऐकून होते.

"मक्यात चिमूटभरच चुना घाला. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी तुम्हाला लावला तेवढा नको."

बाई फटकळ होती. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका वाटून तोर्तिया, म्हणजे तिकडची भाकरी, थापायला घेतली, तर पहिलीचे तुकडे पडले. पाणी कमी झालंय, बाई करवादली; आणि आधी ओटा पुसा, त्या फडक्याने नाही, ते हात पुसायचं आहे. फडकं बदलताना घड्याळजींच्या अंगावर काटा आला. फोनला फडकं कसं दिसतं? एकदा तर फोन बाहेर चार्जिंगला होता, तरी बोलणी ओट्यापाशीच बसली. पण तोर्तिया टम्म फुगायला लागली होती, आणि गरजवंताला अक्कल नसते. त्यांनी विषय सोडून दिला.

रविवारी लेक जेवायला बसली. एक तोर्तिया संपवून तिने दुसरी मागितली. घड्याळजींचे डोळे भरून आले. कोणाकडून शिकलात, तिने विचारलं. त्यांनी फोन पुढे केला. तिने आवाज वाढवला, पुन्हा पाहिलं.

"बाबा, यात कोणी बोलतच नाही. नुसते हात दिसतात."

घड्याळजींनी फोन परत घेऊन निरखला.

"तरीच," ते म्हणाले. "ती बाई मला सारखी 'अहो' का म्हणते, तेच कळत नव्हतं."

एवढ्यात करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातून आवाज. "तव्यावर काय ठेवलंय, लक्ष आहे का कोणाचं?"

"आले गं आई," म्हणत लेक उठलीसुद्धा. दारात मात्र तिचे पाय खिळले. गॅस बंद होता. ओटा लख्ख होता.

"बाबा, ओटा तुम्ही पुसलात?"

"विसरलो होतो."

ती हळूच परत येऊन पाटावर बसली आणि तिने ताट पुढे ओढलं.

"अजून एक वाढा," ती म्हणाली. "मी राहते आज."